पोट बांधायची गोळी

अंथरुणाला खिळलेल्या रंगूबाईंचे जुलाब कालच थांबले होते. तरी त्यांनी सुनेपुढे हात पसरला. "मेडिकलातली ती पोट बांधायची गोळी आनि एक दे."

"आत्या, आता कशाला? पोट फुगंल की तुमचं," चादरी धुऊन दमलेली संयोगिता म्हणाली.

"फुगू दे. उद्या तू म्हायेरी लग्नाला जानार. मागं जोतीराम एकटाच. ल्योकाकडनं कसं धुऊन घिऊ गं?"

संयोगिता अर्धवट भरलेल्या बॅगेकडं बघत राहिली.

जोतीराम दारातच उभा होता. तो आत आला. उशाजवळचं गोळ्यांचं पाकीट त्यानं उचलून खिशात टाकलं आणि बायकोला म्हणाला, "जायच्या आधी, धुताना आईची कूस कशी बदलायची, तेवढं मला दाव."