जागच्या जागी

पंपाचं सील तिसऱ्यांदा फुटलं, तेव्हा योक्काइचीच्या कारखान्यातून कुझुमी साहेबांचा फोन आला. "तोगाशी मॅडम, तुमचं मॉडेल चुकलंय."

कॉम्प्युटरवरचं ते मॉडेल माझंच. पंपाला जोडलेला पाइप तापला की अठरा मिलिमीटर वर उचलला जाणार, तो जिला टांगलाय ती स्प्रिंग वजन पेलत त्याच्याबरोबर वर जाणार, आणि पंपावर भार येणार नाही. त्या एका स्प्रिंगवर मी तीन आठवडे घालवले होते.

जाऊन पाहिलं तर स्प्रिंगमध्ये लाल पिन तशीच. आणताना स्प्रिंग हलू नये म्हणून ती घालतात आणि पंप सुरू करण्याआधी काढतात. इथे कोणी काढलीच नव्हती. स्प्रिंग जखडलेली, त्यामुळे पाइपचं सगळं वजन पंपावर. मी पिन काढून कुझुमी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकून माफी मागितली.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन. सील चौथ्यांदा फुटलं होतं. गेले. पिन परत स्प्रिंगमध्ये, ताज्या लाल रंगात चकाकत होती.

"ही कोणी घातली?"

"आमच्या सफाई पथकानं. कारखाना बंद होता ना, तेव्हा," साहेब कौतुकानं म्हणाले. "माझ्या टेबलावर पडली होती. कुठली आहे ते शोधून त्यांनी ती जागच्या जागी बसवली. यंदाचं बक्षीस त्यांनाच दिलंय."

मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आता तुमच्या मॉडेलचं तेवढं बघा."