जावयाच्या गाडीचं नाक

"काकाजी, एवढा जाड पाइप काहून? रणगाडा बनवून राहिले का?" नत्थू वेल्डरने टेप गुंडाळत विचारलं.

"रानडुक्कर का गाडी पाहून येते?" बंडूकाका म्हणाले. "सरळ चेसिसलेच कस. मधात रबर-बिबर नको. समोरचा गार्ड हलला नाही पाहिजे."

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. काकांचा जन्म रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेला होता. लोखंडाला बसलेला धक्का कुठून कुठे जातो, हे त्यांना नत्थूने शिकवायची गरज नव्हती.

पिकअप त्यांच्या जावयाची. अभिनव महासमुंदहून भाजी भरून बारनवापाऱ्याच्या जंगलातून ये-जा करायचा. दोन महिन्यांपूर्वी रानडुक्कर आडवं आलं. गाडीचं नाक पार चेपलं, जावयाला खरचटलंसुद्धा नाही. गाडी दुरुस्त झाली आणि काकांनी नाकापुढे लोखंडी गार्ड बसवायचा ध्यास घेतला.

त्यांची एकुलती एक लेक शर्मिष्ठा त्या दिवशी गाडीत नव्हती, पण तेव्हापासून माहेरीच होती. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून घरात वावरायची, फारसं बोलायची नाही. आज अभिनव तिला न्यायला आला होता. लेकीच्या काळजीने काकांना रात्र रात्र झोप नव्हती. कोणत्या बापाला असते?

"जावयाले लोक दहावा ग्रह म्हणतात," नत्थू हसला, "आन् तुम्ही त्याच्यासाठी सकाळपासून इथं तापून राहिले. सासरा असावा तं असा!"

"पोट्टीचं सुख पाहा लागते, नत्थू."

ऊन उतरल्यावर अभिनव गाडी घ्यायला आला. गार्डवर दोन बुक्क्या हाणून पाहिल्या, खूश झाला, सासऱ्याच्या पाया पडला.

"बढ़िया है, पापाजी! शर्मिष्ठा रेडी है ना? साथ में ही निकल जाते हैं."

"तिले गाडी लागते, जावईबापू. परवा मी रेल्वेनं आणून सोडतो. तुम्ही निघा."

अभिनवचं हसू मावळलं. "परसों मतलब परसों. उसको बोल देना, इस बार नाटक नहीं चलेगा." तो गाडीत जाऊन बसला.

तेवढ्यात नत्थूने काकांना शेडमागे बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"काकाजी, आधीच सांगाले पाहिजे होतं, कामाच्या नादात राहून गेलं. मागच्या टायमाले एअरबॅग उघडली म्हणून जावई वाचले. असा गार्ड चेसिसले कसला का एअरबॅग वेळेवर उघडत नाही. धक्का सरळ आतल्या माणसावर जाते. म्हणसान तं आत्ताच काढतो. नाही तं त्याइले सांगा तरी, गाडी हळू चालवा म्हणून."

"सांगतो मी," काका म्हणाले.

ते गाडीपाशी आले.

"क्या बोल रहा था वो?" अभिनवने चावी फिरवत विचारलं.

बंडूकाकांनी त्याचं दार नीट लावून दिलं.

"म्हणत होता, आता बिनधास्त पळवा."