शेजारची सीट

"काकू, आरशात बघा, माझ्याकडे नको!" मास्तर ओरडले, तोवर ट्रकच्या मागच्या चाकाने खुणेचं पिंप आडवं केलं होतं.

काकूंनी ब्रेकवर पाय दिला. एक्कावन्नाव्या वर्षी ट्रक शिकायला आलेली बाई म्हणून त्या मैदानात सगळे त्यांना काकूच म्हणत. तेवीस वर्षं त्यांनी शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं केली होती. मग मालकाने कारखान्याला कुलूप लावलं आणि काकू घरी बसल्या. घरात होतं तरी कोण? मुलगी लग्न होऊन गेलेली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, दहा दिवस बाहेर आणि चार दिवस घरी.

बसल्या बसल्या काकूंच्या मनात एक बेत शिजला. लायसन्स काढायचं आणि नवऱ्याच्या ट्रकवर दुसरी ड्रायव्हर म्हणून चढायचं. इतकी वर्षं तो जो रस्ता एकटा बघत आला, तो आता दोघांनी बघायचा. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. बायको वेळ घालवायला शिकतेय, एवढंच त्याला ठाऊक.

तो घरी आला की काकू त्याला हळूच प्रश्न विचारायच्या.

"अहो, ट्रकच्या डाव्या अंगाला अगदी चिकटून कोणी चालत असेल, तर कळतं कसं?"

तो नळाचा वायसर बदलत होता. "कळतं," तो म्हणाला.

"पण कसं?"

"अगं, कळतं म्हणजे कळतं. सवयीने."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कपाळाला हात लावला. "सवयीने? पंचवीस वर्षं गाडी चालवणारा माणूस असं म्हणाला? काकू, तो कोपरा आरशात दिसतच नाही. शेजारी बसलेला माणूस सांगतो. एकटा असाल तर खाली उतरून बघायचं."

काकू बुचकळ्यात पडल्या. मास्तर चार वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः ट्रक चालवत होते. ते कशाला खोटं बोलतील? आणि नवरा तरी कशाला?

मग मास्तरांनी ब्रेकच्या हवेची टाकी दाखवली. तिच्यात पाणी साठतं, ते रोज काढावं लागतं, नाहीतर ऐन वेळी ब्रेक दगा देतात. काकूंनी घरी विचारलं, "तुम्ही ते पाणी कधी काढता हो?"

"ते सकाळीच होऊन जातं."

"होऊन जातं म्हणजे? आपोआप?"

त्याने पेपर डोळ्यांपुढे धरला. "तुझा मास्तर फार डोकं खातो बाई तुझं."

एकदा काकूंनी धीर करून मुद्द्याला हात घातला. "लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात ना?"

"आमच्यात नसतात. एकालाच जावं लागतं."

"चौदाशे किलोमीटर? एकट्याने?"

"पोटासाठी करावं लागतं." मग तो मायेने म्हणाला, "तू शीक, पण गावातल्या गावात पाण्याचा टँकर चालव. लांबचं काम बायकांचं नाही."

मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते हसलेच. "चौदाशे किलोमीटर एकटा येणारा माणूस घरी आला की दोन दिवस उताणा पडून राहतो. काकू, तुमचे मिस्टर येतात कसे?"

काकूंनी आठवून पाहिलं. मिस्टर यायचे ते शीळ घालत. अंघोळ करायचे आणि पंखा पुसायला स्टुलावर चढायचे.

त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यात भुंगा शिरला. हा माणूस ट्रक चालवतच नसेल तर? मग दहा दिवस जातो कुठे? त्यांनी त्याचे शर्ट नाकाला लावून पाहिले. डिझेलचा वास तर येत होता. तळहातांना घट्टे होते. मग त्याला साध्या गोष्टी कशा ठाऊक नाहीत? की मास्तरच काहीतरी ठोकून देतात? कोणाचं खरं धरावं, काही सुधरेना. गिअर टाकताना हात चुकू लागला, रिव्हर्स घेताना डावं-उजवं कळेना. दोन वेळा त्या परीक्षेत नापास झाल्या.

तिसऱ्या वेळी पास झाल्या. लायसन्स हातात पडलं त्याच दुपारी त्या तडक नवऱ्याच्या कंपनीच्या डेपोवर गेल्या. तो परवाच ट्रिपला गेला होता.

डेपोच्या काचेवर कागद चिकटवला होता : लांब पल्ल्यासाठी दुसरे ड्रायव्हर पाहिजेत. काकूंनी कागद पुन्हा एकदा वाचला. आमच्यात नसतात, असं तो म्हणाला होता.

मॅनेजर सज्जन दिसला. त्याने लायसन्स उलटसुलट पाहिलं. "या वयात? कमाल आहे तुमची! कोणी ओळखीचं आहे का इथे?"

'माझे मिस्टर' हे शब्द काकूंच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. ते नाव इथे कोणी ऐकलंच नसेल, तर हसं व्हायचं. नवऱ्याच्या तोंडी नेहमी असायचा तो गाडीचा नंबर आठवून त्या इतकंच म्हणाल्या, "सतरा नंबरच्या गाडीवरचे ड्रायव्हर... ते इथलेच ना?"

"इथलेच म्हणजे? आमचा सगळ्यात जुना माणूस! पंचवीस वर्षं झाली. एक ओरखडा नाही गाडीला."

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले. काय काय वाकडं आणलं आपण मनात! देवमाणूस आहे तो, बोलायला तेवढा कंटाळतो. त्यांना एकदम हलकं हलकं वाटलं.

"मग साहेब, माझं एक ऐका," त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "मला त्याच गाडीवर दुसरी ड्रायव्हर म्हणून ठेवा."

मॅनेजर हसला. त्याने लायसन्स परत केलं.

"दुसरी कुठलीही गाडी मागा, काकू, आज देतो. सतरा नंबरवर जागा नाही. तिथे दुसरी ड्रायव्हर आहे की, गेली नऊ वर्षं. त्यांची बायको."