फिका पडत चाललेला मॉनिटर

“हाही गेला बघ,” म्हणत वहिनीने मॉनिटरचा ब्राइटनेस पार टोकाला नेला.

शेजारच्या टेबलावरून नणंदेने डोळ्यांवर हात धरला. “अगं, ऊन पडलं की इथे! असा जाळतेस म्हणून मरतात बिचारे.”

नणंदेला घरात चिऊ म्हणत, पण ती बोलायला लागली की कावळेसुद्धा गप्प बसत. जुने फोटो नवे करून देणारा हा स्टुडिओ आता दोघींचा होता. आधी तिघांचा होता. उडालेले रंग वहिनी भरायची. छपाई आणि गिऱ्हाइकं चिऊकडे.

पहिला मॉनिटर मंद, पिवळट झाला म्हणून काढून टाकला होता. नवा देताना दुकानदाराने बजावलं होतं, “ब्राइटनेस मध्यावरच ठेवा. कायम पूर्ण ठेवलात तर मागचे दिवे लवकर थकतात.” वहिनीने ते कसोशीने पाळलं. तरी पडदा मंदावत गेला, आणि उजेड थोडा थोडा वाढवावाच लागला. आता तिला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. एवढा जपूनही हा मरतो कसा?

तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने पडद्याला उजेड मोजायचं यंत्र लावलं. “ठणठणीत आहे. पण असाच ठेवलात तर मात्र खरंच जाईल.”

“मग पांढरा रंग पिवळा का दिसतो?”

“पिवळा?” मेकॅनिकने चिऊकडे पाहिलं. चिऊने पडद्याकडे.

वहिनीने पडद्यावर कोरं पान उघडलं. एक डोळा झाकला. मग दुसरा. परत पहिला. पांढरे दोन निघाले! उजव्या डोळ्याचा तर रद्दीतल्या कागदासारखा.

“अय्या! मॉनिटर नाही, मीच फिकी पडलेय.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती कामावर आली, ब्राइटनेस मध्यावर आणला आणि मागचं काम उघडून बसली. आजोबांचे दात निळे, बाळाचं दुपटं निळं, अख्खं कुटुंब थंडीने काकडल्यासारखं. डोळ्यांतला पिवळेपणा मारायला ती दर फोटोत निळा ओतत आली होती.

“चिऊ, हे असले फोटो लोकांनी घेतले? एकानेही परत आणला नाही?”

“असे दिलेच नाहीत. छापायच्या आधी मी निळा काढून टाकायचे.”

“प्रत्येक वेळी? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?”

चिऊने खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली.

“मला वाटलं, दादा गेल्यापासून तुला सगळं असंच दिसतं.”