चार बोटं

टेकडीवरच्या किल्ल्यात म्हातारा गाइड पाहुण्यांना घेऊन तिसऱ्या दालनातून बाहेर पडला, तशी घोळक्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने केस सावरल्यासारखं करत चार बोटं वर धरली. चार म्हणजे शस्त्रागार.

ही दोघांची रोजची युक्ती. किल्ल्यात मुक्कामाला येणाऱ्यांच्या खोल्यांच्या चाव्या ती काउंटरवर सांभाळायची, आणि फेरीची वेळ झाली की काउंटर बंद करून मागे येऊन उभी राहायची. गेल्या हिवाळ्यापासून बाबांच्या डोक्यात दालनांचा गोंधळ व्हायला लागला होता. एकदा तर त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून राणीचं बाळंतपण सांगितलं. लोक हसले, बाबाही हसले. तिला मात्र रडू आवरेना.

आज पाहुण्यांत नवे मॅनेजर होते. बाबांना ठेवायचं की नाही, ते आज ठरणार होतं. नोकरी गेली की दरवाज्यालगतची त्यांची खोलीही जाणार, आणि त्या खोलीपलीकडे बाबांना आता काही उमजत नव्हतं.

आत्तापर्यंत तीनही वेळा त्यांनी तिची बोटं पाहून हळूच मान हलवली होती. या वेळी पाहिलंच नाही. तिने हात आणखी वर केला. पण ते सरळ शस्त्रागारात शिरले आणि जे बोलायला लागले ते थांबेचनात. वेढा, फितुरी, उपासमार, सगळं जिथल्या तिथे. पाचवं दालन, सहावं, मग बुरूज. एक साल चुकलं नाही. देवच पावला म्हणायचा.

"खणखणीत आहे हो माणूस," मॅनेजर जाता जाता तिला म्हणाले. "अजून दोन वर्षं तरी काळजी करू नका."

कधी एकदा बाबांना सांगते, असं तिला झालं. पाहुणे पांगले होते. बाबा बुरुजाच्या कठड्याशी एकटेच उभे होते. ती जवळ आली तसे ते अदबीने बाजूला सरले, तिला खालचं गाव नीट दिसावं म्हणून.

"मघापासून बघतोय, तुम्ही सारख्या मागेच राहताय," ते म्हणाले. "पहिल्यांदाच आलात का, ताई?"

कठडा धरून ती कशीबशी म्हणाली, "हो."

"बरोबर कोणी नाही?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची कॉलर एका बाजूने दुमडली होती. ती तिने नीट केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नाही."