पहिल्या नंबरचं गाणं

आखातातल्या महबूला वस्तीतल्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी दुपारी ज्ञानदाने आजोबांसमोर मोबाईल धरला. "आजोबा, सापडलं! तुम्ही बोटीवर ऐकायचात ना, ते पायरेट रेडिओचं टॉप फोर्टी. सिक्स्टी-सिक्सचं. इंग्लंडमध्ये कुणीतरी घरी टेप केलेलं."

तिने तारीख वाचली आणि आजोबांनी, वासुदेव तांडेलांनी, चहाचा कप खाली ठेवला. त्याच तारखेला, दुपारी, त्यांची मालबोट इंग्लंडच्या किनाऱ्याजवळून चालली होती. भर समुद्रात नांगरलेल्या जहाजावरच्या त्या चोरट्या स्टेशनवर ऐन पहिल्या नंबरच्या वेळी खरखर सुरू झाली, तेव्हा एरियलची तार उंच धरायला त्यांनीच सोबतच्या खलाशाला, जयरामला, वादळात डेकवर पिटाळलं. गाणं स्वच्छ ऐकू आलं. जयराम मात्र परत आला नाही. तो आपणहून वर गेला, असं त्यांनी कप्तानाला सांगितलं आणि साठ वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले.

मोबाईलवर तिसऱ्या नंबरचं गाणं झालं, मग दुसऱ्या नंबरचं झालं. निवेदकाने पहिला नंबर पुकारला आणि खरखर सुरू झाली. त्या खरखरीतून, वाऱ्यात ओरडावं तसा आवाज आला, "वासू, आता ऐकाक येता मां?"

"हे मराठीत कोण बोललं?" ज्ञानदा दचकली.

आजोबा मोबाईलवर वाकून जिवाच्या आकांताने ओरडले, "येता रे जयराम! तू आधी खाली ये!"

"गाणां संपांदे रे," पलीकडून उत्तर आलं. "तार सोडलंय तर तुका ऐकाक येवचां नाय."