पाचवा तारा

रतिलालनानांनी जर्सी लताबाईच्या शिलाई मशीनवर आपटली, तसा रिळांचा डबा खाली सांडला.

"पाचवा तारा कोनी टाकायले सांगलं तुले?"

नशिराबादच्या नवज्योत फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर चेंडूच्या वर चारच तारे असत. बारा वर्षांपूर्वी पारोळ्याचा सामना जिंकून येताना क्लबची जीप उभ्या ट्रॉलीवर आदळली. चार खेळाडू गेले, त्यांचे ते चार तारे. पहिला नानांच्या एकुलत्या एका मुलाचा, भूषणचा. पाचवा मेला तो वना, जीपचा ड्रायव्हर, लताबाईचा नवरा. त्याला डुलकी लागली असं गावानं ठरवून टाकलं. खरंखोटं सांगायला जीपमधलं कोणी उरलंच नव्हतं. क्लबचे अध्यक्ष नाना. त्यांनी बिल्ल्यावर सोडाच, शोकसभेतही वनाचं नाव येऊ दिलं नाही. बिल्ल्यांचं भरतकाम मात्र लताबाईकडेच राहिलं, कारण थेट जळगावपर्यंत इतका बारीक हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. नानांना मात्र आपण तिच्यावर उपकारच करतोय असं वाटायचं.

आज नव्या जर्सींवर पाच तारे पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सामना तासाभरावर आला होता आणि पोरं मैदानावर खोळंबली होती.

"माह्या पोराच्या मारेकऱ्याले त्याच्या शेजारी बसवते? उसव बठ्ठे पाचवे, एकबी ठेवू नको."

लताबाईनं खाली वाकून रिळं एकेक करून डब्यात भरली. बाई रडेल, पाया पडेल, असं नाना धरून चालले होते. तिनं मशीनच्या खणातलं ब्लेड काढून त्यांच्यापुढे धरलं.

"मी नही उसवत. तुमीच उसवा."

नानांनी ब्लेड हिसकावून घेतलं. बारा वर्षं त्यांनी हा राग पोटच्या पोरासारखा जपला होता. त्याच्याच जोरावर ते सकाळी उठत आणि चार घास खात. हातातल्या जर्सीवरच्या पाचव्या ताऱ्याचा पहिला टाका त्यांनी तोडला.

"इतक्यानं नही भागनार, नाना," लताबाई म्हणाली. "जुन्याबी आना बठ्ठ्या. दर वर्सी मी आंधी जर्सीच्या कापडावर एक तारा भरते, मंग त्याच्यावर बिल्ला शिवते. औंदा चोरी सोडली, इतकंच."

नानांच्या अंगात गेल्या वर्षीची जर्सी होती. त्यांनी छातीवरच्या बिल्ल्याची वरची कड ब्लेडनं उसवली. खाली, भूषणच्या ताऱ्याच्या बरोबर मागे, पिवळ्या धाग्याचा बारीकसा तारा होता.

"बारा वर्सं झाले," ती म्हणाली, "तुमचा भूषण माह्या मानसाच्याच मांडीवर बसलेला हे. आता उठवा त्याले."